घरचा वाफा

सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या माझ्या चैतालीला कावीळ झाली, तेव्हा मी सगळा राग चौकातल्या पाणीपुरीवाल्यावर काढला. अर्ज करून त्याची गाडी उचलायला लावली. बिबवेवाडीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीने मला शाबासकी दिली.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, बाहेरचं काहीही नको. म्हणून मी स्वतः भाजी आणायला माझ्या गावी, खडकफाट्याला गेले. एरवी माझा चुलतभाऊ ज्ञानदेव दर सोमवारी टेम्पोतून पिशवी पाठवतो. ती कोथिंबीर चैताली कच्चीच खाते, चटणीत, कोशिंबिरीत, पोह्यांवर.

खडकफाट्याला आता गाव तरी कसं म्हणायचं? दोन महामार्ग मिळतात तिथे ओळीने हॉटेलं, प्रत्येकावर ‘शुद्ध गावरान’. पुण्याहून निघालेला माणूस तासाभराने इथे पोट रिकामं करतो आणि पुन्हा भरतो. ते सगळं पाइपातून मागच्या ओढ्यात सोडलेलं असतं. नाकाला पदर लावून मी ओढ्याकडे उतरले.

आणि त्याच ओढ्यात ज्ञानदेव गुडघाभर पाण्यात उभा राहून कोथिंबिरीच्या जुड्या बुचकळत होता. पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्याच्या गुडघ्याला चिकटून लहान मुलाचं वापरलेलं डायपर तरंगत होतं. त्याने ते हाताने बाजूला सारलं आणि पुढची जुडी बुडवली.

“जयभीम आक्का! आज अचानक?”

“अरे, या घाणीत भाजी धुतोस?”

“मग काय करू? माती दिसली तर मार्केटात कोण हात लावत न्हाई.”

“तुम्ही हीच खाता?”

“न्हाई वो! घरचा वाफा हिरीवर हाय.” त्याने विहिरीजवळचा चिमूटभर हिरवा तुकडा दाखवला.

“आणि आमची पिशवी?”

तो गोंधळला. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला कळत नव्हतं. “ह्यातलीच की. तुम्ही पुण्यातच ऱ्हाता नव्हं?”

मी चैतालीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो विहिरीकडे गेला आणि एक जुडी मुळासकट उपटून आणली. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. पण हीच भाजी ‘आमच्या घरची’ म्हणून दारोदार मिरवत वाटणारी मीच होते. मला माझीच किळस आली.

पुण्यात बसमधून उतरले. चौकातला कोपरा रिकामा होता. गाडी उचलली त्या दिवशी पाणीपुरीवाला हात जोडून म्हणाला होता, “ताई, पाणी फिल्टरचं आहे, स्वतः येऊन बघा.” मी बघायला गेले नव्हते.

चैतालीने पिशवीत डोकावून जुडी हुंगली. “आई, घरचीच ना?”

“हो,” मी म्हणाले. “या वेळेस घरची.”