जावयाचा चुकलेला अंदाज

"तुमचं टोक खाली घ्या, बाबा. कपाट कललंय."

"कललेलं नाही. मोजून बघा हवं तर," सासरे म्हणाले आणि त्यांनी आपलं टोक आणखी वर उचललं.

पडद्यावरचं कपाट जिन्याच्या कठड्यावरून निसटलं, गडगडत खालच्या मजल्यापर्यंत गेलं आणि तिथे उभ्या असलेल्या घरमालकिणीच्या पायाशी त्याचे तुकडे झाले. घरमालकिणीने कमरेवर हात ठेवून दोघांकडे पाहिलं. सोफ्यावर खेटून बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

दोघांच्या हातात मिळून एकच पांढरा दांडा होता. या नव्या गेमच्या यंत्राची सगळी गंमत, किंवा सगळी अडचण, त्या दांड्यातच होती. त्याची दोन्ही टोकं दोन माणसांनी धरल्याशिवाय यंत्र सुरूच होत नसे. एकट्याने दोन्ही हातांनी धरून पाहिलं, तर पडद्यावर अक्षरं येत, 'कुणाला तरी बोलवा.' यंत्राचं नाव जोडी.

दांड्याच्या एका टोकाला होता जावई. कुठली वस्तू बाजारात चालेल आणि कुठली आपटेल, याचा अंदाज बांधून देणाऱ्या एका कचेरीत तो कामाला होता, आणि तिथे सगळे त्याला 'अंदाजे' म्हणत. नव्याने लागलेल्या शिपायाला ते त्याचं आडनावच वाटे. दुसऱ्या टोकाला होते सासरे, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. मोजणीची साखळी टाकल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात कुठल्या कुंपणाबद्दल मत दिलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अंदाज बांधतो म्हणजे नेमकं करतो काय?" तिचं उत्तर त्यांना पटलं नसावं. तेव्हापासून ते त्याला 'जावईबापू' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, आणि त्यापलीकडे फारसं काही म्हणत नसत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा दोघांमधलं बोलणं 'पंखा वाढवू का' आणि 'नको' इथवर येऊन थांबलं होतं.

यंत्र बाजारात यायच्या आधी चाचणीसाठी घरी आलं, तेव्हा जावयाने साहजिकच बायकोला विचारलं. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे हातपाय उचलून आल्यावर घरी कपाटं उचलायला तिने साफ नकार दिला.

"बाबा आहेत ना रिकामे," ती म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली.

मागे हटायची सोय नव्हती. गेल्या खेपेला त्याने 'चालणार नाही' म्हणून सांगितलेल्या यंत्रासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या खेपेला 'चालेल' म्हटलेल्या यंत्राचे खोके अजून कुणाच्या तरी गोदामात धूळ खात होते. आता दुकानांची एक मोठी साखळी त्याच्या अहवालावर माल मागवणार होती. कचेरीच्या प्रमुख मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "या वेळी हो की नाही, एवढंच लिहा. आणि जे लिहाल ते खरं निघू द्या." मॅडम शांतपणे बोलल्या की कचेरीत लोक नवी नोकरी शोधायला लागत.

म्हणून त्याने सासऱ्यांसमोर दांडा धरला होता. आणि सासऱ्यांनी, नाही म्हणायला काही निमित्त नसल्यामुळे, तो धरला होता.

पहिले काही दिवस कपाटं फुटली, पलंग खिडकीतून गेले, आणि एक आरसा तर दारातून आत येण्याआधीच खल्लास झाला. चूक कुणाची यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. "डावीकडे" म्हणजे कुणाच्या डावीकडे, यावरून एकदा इतकं वाजलं की बायको उठून बाहेर आली आणि दोघांना पाणी देऊन परत गेली. मग एका संध्याकाळी जिन्याचं ते अवघड वळण आलं. कपाट अडकलं. सासरे पुढे झुकले, दुखरा गुडघा विसरून अर्धवट उभे राहिले आणि ओरडले,

"अरे, उचल ना गाढवा, बघतोस काय!"

त्याने उचललं. कपाट वळणावरून अलगद फिरलं, दारातून आत गेलं आणि भिंतीला टेकलं. घरमालकिणीने टाळ्या वाजवल्या. सासरे सोफ्यावर बसले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. कुणी 'गाढवा' म्हटल्यावर इतकं बरं वाटू शकतं, याचा अंदाज जावयालाही नव्हता.

त्यानंतर त्याला 'जावईबापू' कुणी म्हटलं नाही. तो कचेरीतून येईपर्यंत सासरे दांडा मांडीवर घेऊन बसलेले असत. "आज उशीर केलास," एवढंच म्हणत. खेळता खेळता ते मोजणीच्या काळातल्या गोष्टी सांगत. बांधावरून भांडणारे दोन भाऊ, मोजणीच्या खुणेचा दगड रातोरात सरकवणारी एक म्हातारी. आपल्या बापाला इतकं बोलताना लेकीनेही ऐकलं नव्हतं. ती आतल्या खोलीत दार किंचित उघडं ठेवून झोपू लागली.

अहवाल लिहायला तो बसला, तेव्हा त्याचा हात प्रथम 'हो'कडेच गेला. मग त्याने ओळखीपाळखीच्या घरांत चौकशी केली. शेजाऱ्यांचा मुलगा म्हणाला, आईबरोबर खेळण्यापेक्षा अभ्यास परवडला. कचेरीतल्या जोडप्याने यंत्र दोन दिवस नेलं आणि न बोलता परत आणून दिलं. एकटे राहणारे तर बरेच निघाले. शेवटी त्याने लिहिलं, 'हे यंत्र चालायला घरात दुसरा माणूस लागतो. त्या माणसाला त्याच वेळी सवड असावी लागते. आणि दोघांत बोलणं असावं लागतं, निदान सुरू व्हावं अशी दोघांची इच्छा तरी. अशी घरं आहेत, पण बाजार उभा राहील इतकी नाहीत.' आणि खाली एक शब्द लिहिला, 'नाही.'

त्या रात्री जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"चालेल म्हणूनच ना?"

बायकोने ताटातून मान वर केली. जावयाने पाण्याचा पेला उचलला, प्यायला आणि खाली ठेवला.

"हो," तो म्हणाला.

"चालणारच. मी तर बागेत भेटणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलंय," सासरे म्हणाले, आणि त्या दिवशी चक्क दोन घास जास्त जेवले.

जोडी बाजारात आली आणि पहिल्याच महिन्यात झोपली. दुकानांनी ती आधी पुढच्या कपाटात मांडली, मग मागच्या, मग जिन्याखाली. वर्ष संपायच्या आत कंपनीने यंत्र बनवणं बंद केलं आणि पाठोपाठ स्वतःलाही. चाचणीसाठी दिलेलं यंत्र परत मागायला तिथे कुणी उरलंच नाही. कचेरीत मात्र अंदाजेच्या टेबलावर पेढ्यांसोबत बढतीचं पत्र आलं. ज्या साखळीने त्याचं ऐकून माल मागवला नव्हता, तिच्या मालकाने स्वतः फोन करून आभार मानले. शिपायानेही वाकून नमस्कार केला, "मानलं तुम्हाला, अंदाजेसाहेब."

त्या संध्याकाळी घरी तो दबक्या पावलांनी आला. सासऱ्यांच्या पुढ्यात वर्तमानपत्र पडलं होतं, जोडी बंद पडल्याच्या बातमीचं पान वर करून. आता टोमणा येणार म्हणून तो चपला काढत दारातच रेंगाळला.

"ये, बस," सासरे म्हणाले. "चुकतं एखाद्या वेळी."

"काय?"

"अंदाज. माणूस आहे, चुकणारच. आम्हीसुद्धा एकदा एक अख्खी विहीर शेजारच्याच्या हद्दीत दाखवली होती." हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "मनाला लावून घेऊ नकोस. चहा घे."

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण सासरे स्वतः उठून, भिंतीला धरत, त्याच्यासाठी चहा आणायला निघाले होते. बढतीचं पत्र त्याने दप्तरातच राहू दिलं. बायकोला ते सापडलं तेव्हा तिने वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून दिलं. पुढचे काही दिवस घरात त्याच्यासाठी टीव्हीचा आवाज कमी ठेवला जात होता. बागेतले कुणी चौकशी करायला आले, तर सासरे त्यांना परस्पर दारातूनच वाटेला लावत होते.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी त्या शांत नव्हत्या. हसू दाबत होत्या.

"काल तुमचे सासरे येऊन गेले."

"इथे?"

"इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. म्हणाले, एका चुकीसाठी जावयाला घरी बसवू नका. माणूस कष्टाळू आहे, फक्त मनाने जरा भाबडा आहे, त्यामुळे सगळं चालेल असं त्याला वाटतं."

जावई खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, कसली चूक? या वेळी सगळ्यांत अचूक तेच तर निघाले. त्यांना खरं वाटेना, म्हणून मग तुमचा अहवालच पुढे ठेवला."

"वाचला त्यांनी?"

"शेवटपर्यंत. उभ्यानेच. शेवटचं पान दोनदा वाचलं."

"काही म्हणाले?"

मॅडमनी जरा आठवून पाहिलं. "म्हणाले, शुद्धलेखन चांगलं आहे."

त्या दिवशी घरी पोचायला त्याने जमेल तितका वेळ लावला. कोपऱ्यावर उगाच केस कापून घेतले, नको असलेला साबण विकत घेतला. दार उघडलं तेव्हा सासरे सोफ्यावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर टांगलेला होता. टीव्ही सुरू होता आणि पडद्यावर अक्षरं होती, 'कुणाला तरी बोलवा.'

"केस कापलेस," ते म्हणाले.

"हो."

"ऑफिसात काही बोलले का तुला?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते.

"नाही," तो म्हणाला.

"नाहीच बोलणार. सगळ्यांचंच चुकतं कधी ना कधी." त्यांनी सरकून त्याला जागा करून दिली आणि दुखरा गुडघा हाताने उचलून नीट ठेवला. "फक्त पुढच्या वेळी काही लिहिलंस, की आधी मला वाचून दाखवत जा."

"दाखवीन," जावई म्हणाला आणि त्यांच्या शेजारी बसला.