शेवंतीसम्राटांची खुडणी

माझ्या थोरल्या दिरांना सगळे शेवंतीसम्राट म्हणतात. म्हणजे, त्यांनी म्हणायला लावलंय. एकदा पुष्पप्रदर्शनात ताटाएवढी शेवंती फुलवून चषक पटकावला, तेव्हापासून या गृहस्थांना जगात दुसरं झाड दिसत नाही. नाकाने कांदे सोलणं हा त्यांचा मुख्य धंदा, बँकेतली नोकरी फावल्या वेळात.

सासूबाई आमच्याकडे असतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची एक पसरट कुंडी आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या अंगणात डेझीच्या जातीचं एक इवलंसं झाड होतं, दरवर्षी त्याच मुळावर फुटणारं. बहीण गेली, घर विकलं, नव्या मालकाने अंगणात फरशी बसवली. बहिणीच्या शिवणाच्या डब्यात चिमूटभर बी तेवढं मिळालं. ते त्याच झाडाचं की भलत्याच कशाचं, देव जाणे. सासूबाईंनी पेरलं. पहिल्या वर्षी नुसती पानं आली, मातीला चिकटून गोल बसलेली, चमच्यासारखी. थंडीत तीही वाळली.

"आई, मेलं हो हे."

"मेलं नाही गं, मूळ जिवंत आहे. जरा दम धर."

आणि खरंच पुन्हा फुटलं.

ओळखायची खूण एकच होती. बहिणीच्या फुलाच्या पाकळ्या वरून पांढऱ्या, पण फूल उलटं केलं की खालून गुलाबी. "वरून पांढरी ढिगाने मिळतात," त्या म्हणायच्या, "उलटं करून बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

पण त्यांची नजर चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हा उन्हाळा दिसेल, पुढचा नाही. आणि या झाडाला फूल वर्षातून एकदाच. कळ्या धरल्या तशा त्या रोज सकाळी चहाआधी कुंडीत नाक खुपसून बसायला लागल्या. माझाही जीव त्या कळ्यांत अडकला होता, खोटं कशाला बोलू!

एकदा आम्ही दोघी दवाखान्यातून परत आलो, तर सम्राट आमच्या स्वयंपाकघरात. हातात कात्री, समोर बशी, बशीत सगळ्याच्या सगळ्या कळ्या.

"शेंडे खुडले," ते म्हणाले. "खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. तुम्हाला हे कोण सांगणार?"

"भाऊजी, ही शेवंती नाही! एका दांडीला एकच कळी असते. फांद्या कुठून फुटणार, तुमच्या डोक्यातून?"

"बाळशेवंती आहे ही. मी बघताक्षणी ओळखली."

बाळशेवंती! अहो, शेवंतीचं पान कातरलेलं असतं, हे चषक न मिळालेल्या माणसालाही दिसतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, इथे तर पाणीच नाही, नुसता खळखळाट.

सासूबाईंनी बशी जवळ ओढली. एक कळी नखाने उकलून डोळ्यांशी धरली. आत सगळं हिरवं होतं, रंग भरायचाच होता. त्यांनी ती परत बशीत ठेवली आणि हात धुवायला गेल्या.

"एवढं काय त्यात?" सम्राट मला म्हणाले. "बहुवर्षायू आहे ना? मग पुढच्या वर्षी येतील फुलं."

"झाड बहुवर्षायू आहे हो. त्यांचे डोळे नाहीत!"

त्यावर हा माणूस घड्याळ बघून निघून गेला. कीव करावी इतकीसुद्धा त्याची लायकी नाही.

पावसाळा सरेपर्यंत सासूबाईंना फक्त उजेड आणि अंधार कळायला लागला. मग एका रविवारी सम्राट आले, काखेत दुकानातली कुंडी. मला डोळ्यांनी गप्प बसायची खूण केली आणि आवाजात साखर घोळली. "आई, फुललं बघ तुझं झाड! खालून चांगलं गुलाबी आहे. मावशीचंच."

सासूबाईंनी फुलावरून बोटं फिरवली, पान चुरडून हुंगलं. खोलीभर शेवंतीचा उग्र वास सुटला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. घेऊन जा हे."

सम्राटांनी कुंडी उचलली. दार लागल्याचा आवाज आला तशी सासूबाईंनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"पुढच्या वर्षी फूल आलं की तू उलटं करून बघ. आणि खालून पांढरं निघालं, तर मला पांढरंच सांग."