साखराबाईंचे आभार

“शिवांश, या साखराबाई कोण रे?”

विरूपाक्ष सरांनी आभाराच्या पानावर बोट ठेवलं आणि इतका वेळ पोपटासारखं प्रेझेंटेशन देणारा शिवांश गपकन थांबला.

“सर, माझ्या मम्मीचं नाव वर्षाराणी हाय. ही बाई कुठून घुसली काय माहीत! दुकानवाल्याला मी म्हणलं होतं, नुसतं कव्हरवरचं नाव बदल.”

बाहेरून आलेले परीक्षक खो खो हसले. “घ्या सर! कॉपी करायलाबी अक्कल लागते.”

सर हसले नाहीत. नांदेडच्या त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाची पोरं जुना रिपोर्ट शोधायची, टाइप करणाऱ्याकडे टाकायची आणि सोनेरी अक्षरांचं काळं बाइंडिंग करून आणायची. सगळ्यांना ठाऊक, सगळे चूप! पण कडबाकुट्टीच्या यंत्रात हात सापडू नये म्हणून बनवलेल्या जाळीचा हा इंग्रजी रिपोर्ट अकरा वर्षांत चौथ्यांदा कॉपी होऊन त्यांच्या टेबलावर आला होता. आभारात दर वेळी तीच ओळ: ‘माझी आई साखराबाई, जिने रोज संध्याकाळी गोठ्यात बसून माझं बोलणं ऐकलं आणि कधीच घाई केली नाही.’

मूळ रिपोर्ट अकरा वर्षांपूर्वीचा, देवणीच्या अमरेशचा. त्यात एक ओळ उसनी नव्हती. पोरगं हुशार, पण बोलताना अडखळायचं. प्रेझेंटेशनला उभं राहिलं आणि पहिल्याच शब्दावर अडकलं. वर्ग फिदीफिदी हसला. सरांना लातूरला घरी जायचं होतं. ते म्हणाले, “बस खाली, बाबा. तुझं होईस्तोवर माझी गाडी जाईल.”

अमरेश खाली बसला तो बसलाच. नोकरीच्या एकाही मुलाखतीला गेला नाही. त्याच दिवाळीत त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, पोरगं जागीच गेलं. सरांना कुणी बोल लावला नाही, कशाला लावेल? पण तेव्हापासून कुठलंही पोरगं हा रिपोर्ट घडाघडा बोलू लागलं, की सरांना अमरेशच बोलतोय असं वाटे, तेही एकदाही न अडखळता. मग त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. तरी आधीच्या तिन्ही वेळा त्यांनी मुकाट सही केली होती. यंदा ते रिटायर होणार होते.

“नवा लिहून आण,” ते शिवांशला म्हणाले. “मोडकातोडका चालेल, पण तुझा पाहिजे.”

रविवारी लायब्ररीतला मूळ रिपोर्ट पिशवीत घालून ते देवणीला गेले. साखराबाई गोठ्यात गाईपुढं वैरण टाकत होत्या.

“शरणार्थ, अक्का. मी अमरेशचा सर. नांदेडहून आलो.”

बाईंनी हातातली पेंडी तशीच धरून ठेवली. मग पदरानं बाज झटकली. “बसा की, सर. लई नाव काढायचा तुमचं.”

ते ऐकून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“एक इचारू का? म्हैनाभर हितं बसून पाठ केलं हुतं त्यानं. कालेजातून आला तर मी म्हणलं, झालं का रे चांगलं? हाव म्हणला आन् तोंड फिरवून झोपला. झालं हुतं का चांगलं?”

हो म्हटलं असतं तर दोघंही सुटले असते. शब्द सरांच्या ओठावर आलाही होता.

“न्हाई, अक्का. मी बोलूच दिलं न्हाई त्याला. माझी गाडी होती.”

बाईंनी हातातली पेंडी गाईपुढं टाकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. सर शिव्याशाप ऐकायच्या तयारीनं बसले होते.

“ते पुस्तक त्याचंच हाय न्हवं?” त्या म्हणाल्या. “मग वाचा. मराठीत सांगा मला. त्याचं इंग्रजी रोज ऐकलं, पर समजायचं ऱ्हायलंय.”

सरांनी रिपोर्ट उघडला. चौतीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, पण पहिल्याच शब्दावर अडकला. “मा... मा...” पुढं काही केल्या सरकेना.

साखराबाई समोरच्या दगडावर टेकल्या.

“सावकाश होऊ द्या, सर. मला घाई न्हाई.”

रस्त्यावर लातूरच्या शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. सरांनी पान पुन्हा पहिल्यापासून धरलं.