खांद्यावरचा बाण

सलूनवाले काका सकाळी सहाला उपाशीपोटी दवाखान्यात गेले आणि दुपारी एकला तसेच उपाशी घरी आले. उजव्या खांद्यावर नर्सने निळ्या पेनने बाण काढलेला होता, इथेच कापायचं म्हणून. ऐनवेळी अपघाताची दोन माणसं आली, ऑपरेशन थिएटर त्यांच्यासाठी गेलं आणि डॉक्टर म्हणाले, "तीन आठवड्यांनी बघू." फाटलेला स्नायू तेवढ्यात कुठे पळून जात नाही, असंही म्हणाले.

घर मात्र जय्यत तयार होतं. काकू पडदे शिवायच्या. एका हाताने घालता यावेत म्हणून त्यांनी पाच सदऱ्यांची बटणं काढून चिकटपट्ट्या लावल्या होत्या. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर उतरले होते. टेकून झोपायला शेजाऱ्यांची आरामखुर्ची आली होती. दुकान बंद करून गिऱ्हाइकांचा निरोपही घेऊन झाला होता. आता जो भेटेल तो विचारी, "अजून इथेच?"

व्यायाम शिकवणारी ताई म्हणाली, "हे दिवस फुकट घालवू नका, काका. डाव्या हाताला कामाला लावा." काकांनी डाव्या हाताने दात घासले, तर पेस्ट मिशीला. चहा ओतला, तर कपात कमी आणि ओट्यावर जास्त. मधूनमधून फोन उचलून बघायचा, दवाखान्याचा आलाय का.

"अहो, एका जागी बसा. फरशी झिजेल," काकू म्हणाल्या.

"बसलोच आहे की!" काका उभ्याउभ्याच ओरडले.

नवव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "जरा फिरून येतो," असं सांगून त्यांनी दुकान गाठलं आणि शटर अर्धं वर केलं. तेवढ्यात हेडमास्तर आत वाकले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणत.

"उद्या पासपोर्टचा फोटो आहे. केस कापून देतोस का?"

काकांना नाही म्हणवेना. मागची बाजू झाली, कानांजवळचं झालं. मग डोक्यावर हात नेला आणि खांद्यातून अशी कळ गेली की कात्री खाली पडली. डाव्या हातात घेतली, तर ती केस कापायच्याऐवजी चावायला लागली.

"झालं का?"

"एक मिनिट," काका म्हणाले. अशी दहा मिनिटं गेली.

जेवायच्या वेळी शोधत शोधत काकू आल्या. त्यांनी ते अर्धं डोकं पाहिलं, मग नवऱ्याचा लोंबणारा हात पाहिला.

"ओरडायचं ते नंतर ओरड," काका मान खाली घालून म्हणाले. "आधी हे डोकं पुरं कर."

"मी? मी पडदे कापते!"

"सरळ कापतेस ना? मग बोटांच्या वर येईल तेवढंच काढ. मी सांगतो."

हेडमास्तर आरशातून म्हणाले, "माझं मत कुणी विचारणार आहे का?"

"हलू नका!" दोघं एकदम म्हणाली.

पंधरा मिनिटांच्या कामाला तास लागला. मागे, दोघांचं काम जुळतं तिथे, केसांत एक पायरी राहिली. हेडमास्तरांनी ती चाचपली, फोटोत मागचं दिसत नाही म्हणाले आणि गेले.

निघताना शटर काकूंनीच ओढलं आणि किल्ली स्वतःच्या पिशवीत टाकली. काकांना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. घराच्या दारात चप्पल काढता काढता त्यांच्या तोंडून निसटलं, "हात पूर्वीसारखा वर गेलाच नाही तर?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं.

"ते तेव्हा बघू. आज तरी खाली ठेवा," असं म्हणून काकूंनी त्यांना आरामखुर्चीत बसवलं आणि कोपराखाली उशी सरकवली.

तारखेच्या आदल्या दिवशी दवाखान्याचा फोन आला तेव्हा तारीख पुन्हा पुढे गेली असंच काकांना वाटलं. पण निरोप एवढाच होता, उद्या उपाशी या. ऑपरेशन झालं. सहा आठवडे हात झोळीत राहिला. मग भिंतीवर बोटं चालवत तो रोज थोडा थोडा वर न्यायचा व्यायाम सुरू झाला. दहाव्या आठवड्यात हात कानापर्यंत पोचला आणि तिथेच अडला. ताई म्हणाली, अजून दोन-तीन महिने तरी लागतील.

काका दिवसभर चडफडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दाराला लावलं: 'सध्या फक्त दाढी.' दाढीला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही.