फुग्यांच्या पिठातला फिरोजा

मित्रांनो, मी एक म्हातारा दगड आहे, पण नुसतं ‘ए दगडा’ म्हणालात तर ओ देणार नाही. माझं नाव फिरोजा. कुणी पिरोजा म्हणतं, तेही चालेल. मूळ रंगाने आभाळी, आकाराने वाटाण्याएवढा. सध्या मुक्काम दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मार्गारेट नावाच्या बाईच्या बोटात.

माझा जन्म इराणातल्या निशापूरच्या डोंगरातला. कारागिरांनी मला फोडलं, घासलं, चकचकीत केलं. फार दुखलं हो! पण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, तसंच ते. मग गलबतात बसून मी दुबईला आलो आणि देरा या जुन्या भागातल्या बाजारात एका दुकानाच्या काचेत जाऊन बसलो.

त्या काचेत काय बढाया चालायच्या! प्रत्येक महिन्याचं एक रत्न, आणि प्रत्येकाचा तोरा वेगळा. जानेवारीचा लाल तामडा म्हणायचा, माझा मालक कुठेही गेला तरी सुखरूप घरी येतो. फेब्रुवारीच्या जांभळ्या खड्याचं म्हणणं, मला घातलं की दारू चढत नाही. (चढायची. मी पाहिलंय.) जूनचा मोती इथल्याच समुद्रातला, म्हणून गावचा पाटील असल्यासारखा बसायचा. ऑक्टोबरचा ओपल बिचारा गप्प असायचा, कारण इतर महिन्यांत जन्मलेल्यांना तो बाधतो अशी आवई होती.

मी डिसेंबरचा. माझ्याबद्दल लोक तीन गोष्टी सांगतात. मी स्वाराला घोड्यावरून पडू देत नाही. संकट येणार असेल तर माझा रंग बदलतो. आणि मला स्वतः विकत घेऊन उपयोग नाही, कुणीतरी प्रेमाने द्यावा लागतो. मी हे सगळं ऐकून फुगून जायचो. नवरत्नांत माझं नाव नाही, निदान एवढं तरी असावं की नाही?

मला प्रेमाने देणारी बाई लवकरच भेटली. रत्नागिरीकडच्या मैमुनाबीने आपल्या नवऱ्याला, जहूरला, माझी अंगठी करून दिली. जहूरचं देऱ्यात कापडाचं दुकान होतं आणि घोड्याऐवजी मोटारसायकल होती. मागे कापडाचे गठ्ठे बांधून तो उन्हातान्हात हिंडला, पण कधी पडला नाही. मैमुनाबी सगळ्यांना सांगायची, “फिरोजाची करामत आहे!” मीही ते खरं मानलं. स्तुती कुणाला आवडत नाही?

पुढे जहूर म्हातारा झाला आणि एके दिवशी शांतपणे गेला. मैमुनाबी मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला आली आणि मी कापसात गुंडाळून कपाटात गेलो. मित्रांनो, ती वर्षं मला आठवावीशीही वाटत नाहीत. ऊन नाही, हात नाही, कुणाची हाक नाही. मी जहूरचा आवाज आठवत पडून राहायचो.

समोरच्या फ्लॅटमध्ये मार्गारेट राहायची. वसईची. नवरा विली हॉटेलात शिफ्ट ड्युटी करणारा, मुलगी शेनॉन शाळेत जाणारी आणि ती स्वतः जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात ॲडमिनला. डिसेंबरात तिच्या वाढदिवसाचा केक घेऊन ती मैमुनाबीकडे आली आणि खुर्चीत बसून रडायलाच लागली.

“खाला, आमचं ऑफिस सिलिकॉन ओएसिसला शिफ्ट होतंय. ईस्टरनंतर. मेट्रो, बस, परत बस, मी पोचेपर्यंत लंच ब्रेक होईल! लायसन्स नसेल तर जॉब सोडावा लागेल, आणि मी टेस्टमध्ये सारखी फेल होतेय.”

“का गो फेल होतेस?”

“राउंडअबाउटला. त्या गोल चौकात सगळ्यांना आधी जाऊ देते मी. मागून हॉर्न वाजतात, मग माझे हातपायच गळतात.”

मैमुनाबी हसली नाही. ती उठली, कपाट उघडलं आणि कापूस सोडवला. काय सांगू, उजेड दिसताच मला भरून आलं.

“डिसेंबरची ना तू? मग हा तुझाच. स्वाराला पडू देत नाही. आणि लक्ष ठेव हां, धोका असला की रंग बदलतो.”

विलीने घरी भुवया उंचावल्या. “मॅगी, फादरनी बघितलं तर काय म्हणतील?”

“बायबलमध्ये मुख्य याजक आरोनाच्या छातीवरच्या ऊरपटावर बारा रत्नं होती,” मार्गारेट ठसक्यात म्हणाली. “त्याला कुणी विचारलं नाही, मग मलाच का?”

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली.

मग आमचे क्लास सुरू झाले. शिकवणारा ओरडायचा, “मॅडम, यल्ला, यल्ला, चलो! कब तक रुकेगी?” मार्गारेट अंगठ्याने मला चोळायची, खोल श्वास घ्यायची आणि गाडी आत घालायची. रोज थोडी थोडी भीड चेपत गेली. मी मनात म्हणायचो, बघा, माझी करामत!

ईस्टर आला. त्यानंतर दोनच दिवसांनी टेस्ट होती, ऑफिस हलायच्या आधीची अगदी शेवटची. पण सण म्हणजे सण, आणि वसईकरांच्या घरी सण म्हणजे फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून मार्गारेटने भलं मोठं पातेलंभर पीठ भिजवलं, फुगवलं. मग मुठीतून एकेक गोळा पिळून ती तापल्या तेलात सोडायला लागली. फुगे टम्म फुगून आपोआप पलटी खात होते. सगळा मजला त्या वासाने जागा झाला.

आणि मी कुठे होतो? त्याच मुठीत! अंगठी काढायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. मित्रांनो, आम्ही फिरोजे अंगाने जरा स्पंजासारखे. तेल, अत्तर, घाम, जे लागेल ते पिऊन बसतो. त्या दिवशी मी नारळाचं दूध आणि मैद्यात पार न्हाऊन निघालो. नंतर दोन दिवस घाबरट हाताचा घाम आणि वर हँड क्रीम.

टेस्टच्या दिवशी सकाळी मार्गारेटने हात पुसले आणि तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. आभाळी रंग कुठल्या कुठे! मी शेवाळासारखा हिरवा पडलो होतो.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. “विली! रंग बदलला! आज ॲक्सिडेंट होणार. मी नाही जात.”

“अगं, शेवटची डेट आहे!”

“जॉब गेला तर गेला. जीव तर राहील!”

“मम्मा, इट्स जस्ट अ स्टोन,” शेनॉन म्हणाली. मला राग यायला हवा होता, पण त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बाई, पोरगी बरोबर बोलतेय! हे संकट नाही, हे तुझे फुगे आहेत! पण दगडाला तोंड कुठे? ज्या गोष्टीचा मला आयुष्यभर गर्व होता, तीच आज या बाईच्या हातातोंडाशी आलेला घास हिसकावून घेत होती. इतकं वाईट मला कपाटातही वाटलं नव्हतं.

आरडाओरडा ऐकून मैमुनाबी दारात आली. मार्गारेटने हात पुढे केला. मैमुनाबीने चष्मा लावला, मला निरखलं, मग चक्क नाकाशी नेऊन हुंगलं. आणि हसायलाच लागली. दाराला टेकून, डोळे पुसत हसली.

“अगो, हा तर नारळाच्या दुधात आंघोळ करून आलाय! अंगठी घालून कुणी पीठ हाताळतं?”

“पण खाला, तुम्हीच म्हणालात, धोका...”

“जहूर दर रमजानात माझ्यासोबत भजी तळायला बसायचा. दर ईदेला हा हिरवा, मग सोनाराकडून घासून आणायचो! कधी पडला का तो? नाही. का नाही पडला ठाऊक? गाडी नीट चालवायचा म्हणून.” तिने अंगठ्याने मला पुसलं. “करामत फिरोजाची, असं मी म्हणायचे. माणूस दूर उन्हात फिरत असला की काहीतरी धरून बसावं लागतं, बेटा.”

मग तिने मला मार्गारेटच्या बोटातून हळूच काढलं आणि स्वतःच्या मुठीत घेतलं. “आज हा माझ्याकडे राहील. तू तुझ्या हातांनी जा. इन्शाल्ला, होईल.”

मार्गारेट उघड्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने क्रॉसची खूण केली, पर्स उचलली आणि गेली.

मी मैमुनाबीच्या मुठीत. तिचे ओठ सारखे हलत होते आणि मूठ घट्ट होत चालली होती. अहो, माझीच पाचावर धारण बसली होती!

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. राउंडअबाउट आला. मार्गारेटच्या अंगठ्याने बोट चाचपलं, मी नव्हतो. तिने डावीकडे बघितलं, एक गाडी जाऊ दिली, फक्त एकच, आणि घातली आत. परीक्षक बाई शेवटपर्यंत गंभीर बसल्या होत्या. गाडी थांबल्यावर एवढंच म्हणाल्या, “खलास. पास.” मार्गारेटने त्यांना मिठीच मारली म्हणे.

घरी येऊन ती मैमुनाबीच्या गळ्यात पडली, तेव्हा मी दोघींच्या मध्ये चेंगरलो. त्या दिवशी मी कुणालाही वाचवलं नव्हतं, तरी इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता मला पुन्हा बोटात घालून मार्गारेट रोज सिलिकॉन ओएसिसला स्वतः गाडी चालवत जाते. सोनार म्हणाला होता, वरून घासून देतो, पुन्हा निळा होईल. तिने साफ नकार दिला. “राहू दे. हे माझे ईस्टरचे फुगे आहेत.” शेनॉनही आता माझ्याशी बोलते, पण इंग्रजीत.

तेव्हा मित्रांनो, आम्हा रत्नांना जपा. पीठ मळताना, तळताना, अत्तर लावताना काढून कोरड्या फडक्यावर ठेवा, आणि कपाटात मात्र कोंडू नका. आमच्या गोष्टी जरूर ऐका, पण रस्त्यावर आरसा बघा, आमच्याकडे नाही.

पहिल्याच सुट्टीला मार्गारेटने मैमुनाबीला पुढच्या सीटवर बसवलं, जहूरचं जुनं दुकान दाखवायला. एकीने बिस्मिल्ला म्हटलं, दुसरीने क्रॉसची खूण केली आणि शेनॉन मागून ओरडली, “यल्ला, मम्मा!” निघताना मार्गारेटने मला मैमुनाबीच्या हाती दिलं होतं; राउंडअबाउट जवळ आला तशी तिने मला घट्ट पकडलं. मी हिरवा होतोच, नाहीतर भीतीने नक्की झालो असतो. मार्गारेटने मात्र माझ्याकडे बघितलंही नाही. आरशात बघितलं आणि गेली.