उसनी धाव

रविवारी पहाटे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीतून पळणाऱ्यांची वरात निघाली की गेटवरच्या स्वरूपाला हसू आवरता आवरत नसे. कमरेला पाण्याच्या चार चिमुकल्या बाटल्या, दंडाला मोबाईल, कपाळाला पट्टी आणि सूर्य उगवायच्या आत डोळ्यांवर गॉगल! एवढा साज चढवून ही मंडळी पळायची कशी, तर शेजारून एखादी म्हैस रमतगमत निघाली असती तर तीच पुढे गेली असती. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. परत आल्यावर गेटातच अर्धा तास फोटो, आणि मग घाम वाळायच्या आत समोर मिसळ हाणायला.

स्वरूपा त्या सोसायटीची लेडीज गार्ड. कामाला येणाऱ्या बायांच्या पिशव्या बघायच्या, रजिस्टर भरायचं, गाड्यांसाठी गेटची दांडी वरखाली करायची. मूळची हिंगोलीकडची, भोसरीत खोली घेऊन राहायची आणि पोलीस भरतीची तयारी करायची. आठशे मीटरला पूर्ण मार्क हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत यावं लागतं. ती एकदा दोन चव्वेचाळीसला आली होती. त्यामुळे असल्या सोंगांना हसायचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे, असं तिचं स्वच्छ मत होतं.

वयात बसणारी ही तिची शेवटची भरती. मैदानी चाचणीला जेमतेम चार महिने उरलेले. ही हुकली की जन्मभर गेटची दांडी. आणि नेमकी आता डाव्या पायाची नडगी दगा द्यायला लागली होती.

आधी नुसतं ठणकायचं, मग जिना उतरतानाही कळ यायची. भोसरीच्या मैदानावर अकॅडमी चालवणारे गणराज सर म्हणायचे, "दुखतंय म्हणजे पाय तयार होतोय. तेल लाव आणि पळ." एवढंच त्यांचं शास्त्र, आणि त्याची फी महिन्याच्या महिन्याला. स्वरूपा तेल लावायची आणि पळायची. पार लंगडायला लागली की आठ दिवस थांबायची. दुखायचं थांबलं की नवव्या दिवशी मैदानावर, आणि पहिल्याच दिवशी आठशेचे चार राउंड, जीव खाऊन. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! असं तीनदा झालं, आणि प्रत्येक वेळी कळ आधीपेक्षा लवकर आली.

शेवटी ती महापालिकेच्या दवाखान्यात गेली. तिथल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर साबिया यांनी नडगीवरून अंगठा दाबत नेला. एका जागी स्वरूपा ओरडलीच.

"हाड फुटलेलं नाही, पण फुटायच्या बेतात आहे," त्या म्हणाल्या. "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं वाटतं ना तुला? दुखणं आधी थांबतं, हाड भरून यायला त्यानंतरही वेळ लागतो. आणि नुसतं बसूनही ते घट्ट होत नाही. थोडं थोडं ओझं द्यावं लागतं त्याला."

मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. दोन आठवडे पळणं बंद. नंतर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही दिवसाआड. पळताना बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर मागच्या पायरीवर यायचं. लांबी आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत.

स्वरूपाने कागद घेतला आणि मनात म्हणाली, ही बाई कधी बस पकडायला तरी पळालीय का? एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला! ही काय भरतीची तयारी झाली की डोहाळजेवण? कागद तिने घडी घालून पिशवीत टाकला आणि दोन आठवडे थांबली ती केवळ पाय टेकवत नव्हता म्हणून.

त्याच दोन आठवड्यांच्या अखेरीला सोसायटीतल्या अंजली मॅडमचा पाय गेला. अंजली मॅडम म्हणजे पळणाऱ्या मंडळींच्या म्होरक्या, वर सोसायटीच्या कमिटीत. त्यांच्या ग्रुपने शंभर दिवसांचा पण केला होता. रोज किमान दोन किलोमीटर, पळून किंवा चालून, आणि पुरावा मनगटातल्या घड्याळाचा. एक दिवस चुकला की बाद. मॅडम अठ्ठेचाळीस दिवस टिकल्या आणि पंजाच्या हाडाला बारीक चीर पडली. हाडाच्या डॉक्टरांनी पायाला जाडजूड बूट चढवला आणि सहा आठवडे चालायचं नाव काढू नका म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी स्वरूपाला वर फ्लॅटवर बोलावलं. सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. समोर ते घड्याळ.

"तू पळतेस ना गं? मग हे घालून पळ रोज. मी ग्रुपवर सांगितलंय की पाय थोडा दुखतोय, पण तज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू परत येतेय. कुठून पळालीस तो नकाशा दिसणार नाही, तशी सोय केलीय. फक्त वेळ आणि अंतर दिसेल."

स्वरूपा आ वासून बघत राहिली. पळायचं एकीने आणि टाळ्या दुसरीला! असली लबाडी करायलाही डोकं लागतं, आणि ते या बाईकडे आहे हे तिला कबूल करावं लागलं.

"मला रात्रपाळी असते, मॅडम. पहाटे अंगात त्राण नसतं."

"सकाळची करून देते मी तुझी ड्युटी. आजच सांगते." मॅडमनी मोबाईल पुढे केला. "पण हे बघ, नेटवरच्या या तक्त्याप्रमाणेच पळायचं. बरा होणारा माणूस जसा पळतो तस्सं. जास्त वेगात गेलीस तर ग्रुपला लगेच संशय येईल."

तक्त्यात लिहिलं होतं, एक मिनिट पळणे, दोन मिनिटं चालणे, दिवसाआड. मधल्या दिवशी नुसतं चालणे. स्वरूपाने कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. साबिया डॉक्टरांचाच कागद, फक्त रंगीत. पण सकाळची ड्युटी मिळत होती. चार दिवस हिचं सोंग करू आणि उरलेला वेळ आपलं खरं पळणं पळू, असा हिशेब करून तिने घड्याळ उचललं.

खरं पळणं काही जमलं नाही. घड्याळ काढून एकदा तिने जोरात राउंड मारायला घेतला, तर अर्ध्यातच नडगी बोलली. मग नाइलाजाने मॅडमचं सोंग तेवढं चालू राहिलं. दिवसाआड पहाटे भोसरीच्या मैदानावर ती एक मिनिट पळायची आणि दोन मिनिटं चालायची, आणि त्या दोन मिनिटांत अकॅडमीच्या पोरी शेजारून सुसाट जाताना ओरडायच्या, "काय मामी, भाजी आणायला निघाल्या का?" गणराज सर तर एकदा शिट्टी वाजवून म्हणाले, "स्वरूपा, तुझं नाव काढून टाकू का यादीतून?" तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एवढ्या हळू पळायचं म्हणजे मान खाली घालून पळायचं. मनातल्या मनात ती मॅडमला, त्या तक्त्याला, त्या घड्याळाला अस्सल हिंगोलीच्या शिव्या हासडायची, आणि गंमत अशी की त्या शिव्या पूर्ण वाक्यात द्यायला दम पुरायचा. बोलता येण्याइतकंच पळायचं, हे कागदात होतंच.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र कौतुकाचा पूर आला होता. संध्याकाळी ड्युटी संपली की स्वरूपा वर जाऊन घड्याळातली धाव मॅडमच्या मोबाईलवर उतरवून द्यायची, तेव्हा मॅडम हौसेने वाचून दाखवायच्या. "जिद्द असावी तर अशी!" "अंजली, तू प्रेरणा आहेस!" आणि प्रेरणा सोफ्यावर पाय लांब करून शेंगदाणे खात असायची.

तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं आलं, पाचव्यात पाच. एका सकाळी दात घासता घासता स्वरूपाने सवयीने नडगीवर अंगठा दाबला. काही नाही. जोरात दाबला. काही नाही. मग ती खोलीतच डाव्या पायावर लंगडी घालून बघायला लागली, दहा, वीस, तीस उड्या, तोंडात ब्रश तसाच. शेजारची गिरजाबाई दारातून म्हणाली, "काय करायलीस गं सकाळी सकाळी?" स्वरूपाला रडू येत होतं आणि रागही. आयुष्यभर आपण वेगाच्या जोरावर लोकांना हसलो, आणि आपला पाय बरा कशाने झाला, तर एका खोटारड्या बाईच्या भीतीने हळू पळाल्यामुळे! डॉक्टरने नीट समजावून सांगितलं ते पालथ्या घड्यावर पाणी, आणि मॅडमचा धाक मात्र गुण देऊन गेला. स्वतःची एवढी कीव तिला कधी आली नव्हती.

शंभरावा दिवस शनिवारी आला. तोवर ती न थांबता पंचवीस मिनिटं पळत होती आणि चाचणीला चार आठवडे उरले होते. आता वेग वाढवायचा होता, तोही पायरीपायरीने. मॅडमचा बूट आठवड्यापूर्वीच निघाला होता. रविवारी सकाळी आठ वाजता ग्रुपने मॅडमच्या सन्मानासाठी दहा किलोमीटरची दौड ठेवली, आणि पुढे पळणार होत्या खुद्द मॅडम.

सगळे जमायच्या आधी मॅडम एकट्याच गेटपाशी आल्या. नवे कोरे बूट, मनगटात कालच परत घेतलेलं घड्याळ. स्वरूपा केबिनमधून बाहेर आली.

"मॅडम, आज पळू नका. एवढे आठवडे तुम्ही धड चालल्याही नाहीत. एकदम दहा किलोमीटर झेपणार नाही."

मॅडम हसल्या. मनगट तिच्यापुढे धरलं. "हे बघ काय म्हणतंय. तयारी उत्तम. दहा किलोमीटरला तयार. बावन्न दिवसांचा डेटा आहे यात, डेटा खोटं बोलत नाही."

स्वरूपाला क्षणभर वाटलं, बाई चेष्टा करतेय. पण नाही. चेहऱ्यावर अगदी खरा विश्वास. रोज वाचता वाचता, कौतुक ऐकता ऐकता, बाईला आपण खरंच पळाल्यासारखं वाटायला लागलं होतं.

"अहो मॅडम, ते मी पळालेय! पाय माझा बरा झालाय. तुमचा नाही."

"आवाज कमी कर," मॅडम म्हणाल्या. हसू गेलं होतं. "गेट सांभाळतेस तेवढं सांभाळ. मला पळायला तू शिकवणार?"

तेवढ्यात बाटल्या आणि गॉगल लावलेली तीस-चाळीस माणसं टाळ्या वाजवत आली. स्वरूपाचा हात दांडीवर होता. चार माणसांत एक वाक्य बोलली असती तरी मॅडमना थांबावं लागलं असतं. मॅडमची अब्रू गेली असती, आणि तिची सकाळची ड्युटी. चार आठवडे फक्त उरले होते. आणि खरं सांगायचं तर नुसती ड्युटीच आडवी आली नाही. गेट सांभाळ म्हणतेस काय? पळ मग. कळू दे एकदा. असं तिच्या मनात अगदी स्पष्ट आलं, आणि तिने दांडी वर केली.

पाऊण तासाने मॅडम एका रिक्षातून परत आल्या. दोघांनी धरून उतरवलं. चीर होती तिथून हाड आरपार तुटलं होतं. ओठ दाताखाली दाबून त्या रडत होत्या, लहान मुलीसारख्या. स्वरूपाकडे त्यांनी पाहिलं नाही. ऑपरेशन झालं, पंजात स्क्रू बसले, आणि पुन्हा कधी पळता येईल हे आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं खाली गेटपर्यंत आलं.

दोन दिवस स्वरूपा वाट बघत राहिली, आज कामावरून काढतील, उद्या काढतील. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आला.

"अंजली मॅडमचा हॉस्पिटलमधून फोन होता. म्हणाल्या, स्वरूपाची सकाळची ड्युटी अजिबात बदलू नका. तिची परीक्षा आहे."

त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी तिचा डबा न उघडताच परत गेला.

चार आठवड्यांनी चाचणी झाली. पहिले शंभर मीटर ती बाकीच्या पोरींच्या मागे होती, घाई केली नाही. शेवटच्या वळणावर तिने पाय सोडला आणि एकेकीला मागे टाकत गेली. दोन मिनिटं शेहेचाळीस सेकंद. नडगीत कळ नाही, काही नाही. बाजूला एक पोलीसबाई वाकून तिच्या पायाला बांधलेली, वेळ मोजायची चिप काढत होत्या.

"छान पळालीस गं. कुठं काम करतेस?"

"सोसायटीच्या गेटवर. सिक्युरिटी."

"मग आमच्यासारखंच की. नको त्याला अडवायचं."

स्वरूपा धापा टाकत होती. बोलायला दम पुरत नव्हता, तरी ती बोलली.

"अडवायला पाहिजे होतं, मॅडम. मी दांडी वर केली."

पोलीसबाईंनी वर बघितलं, पण तोवर पुढची मुलगी येऊन उभी राहिली होती, आणि त्या तिचा नंबर विचारायला लागल्या.