अठ्ठावीस दात्यांचं चक्र

"मागे ही ताटली कुणी लावली?" अप्पांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

ताटली म्हणजे अठ्ठावीस दात्यांचं चक्र. मागच्या चाकावरचं सगळ्यात मोठं. चढावर चेन त्यावर टाकली की पायडल हलकं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांच्या लेखी असली चक्रं म्हाताऱ्यांसाठी असतात. आपण स्वतः अडुसष्ट वर्षांचे आहोत, ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

"मी लावली," मी म्हटलं. "आणि पुढच्या चक्राला बेचाळीसच्या जागी चौतीस दाते येणार आहेत."

"मग माझी सायकल राहिली कुठे यात?"

"फ्रेम राहिली की!"

फ्रेम थोरल्या काकांच्या हातची. पोलादी, बारीक नळ्यांची. जोड इतके साफ की बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. काका आता नाहीत. त्या फ्रेमवर अप्पा चाळीस वर्षं सायकल क्लबच्या दर वर्षीच्या चढाईत भाग घेत आले. शहराबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिथपर्यंत सात किलोमीटर. गेल्या साली टाकीच्या अलीकडच्या वळणावर गुडघ्यानं दगा दिला आणि अप्पा सगळ्यांदेखत खाली उतरले. उरलेला रस्ता सायकल ढकलत गेले. घरी येऊन त्यांनी ती हुकाला टांगली आणि अकरा महिने तिचं नाव काढलं नाही.

मग एके दिवशी स्वतःच खाली उतरवली, पुसली, आणि माझ्या स्टँडला लावली. "यंदा पाय टेकला तर विकून टाक ही," म्हणाले. अप्पा बोलण्यापुरतं बोलत नाहीत. अप्पांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आता मी चालवते, तेव्हा सगळा भार माझ्याच डोक्यावर आला.

चाकं आधी घेतली. जुन्या चाकांना टायर गोंदानं चिकटवायचे असायचे, ते दिवस गेले. नवीन रिम बसवायच्या तर नवीन हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, हवा, आणि आजकालचा मागचा हब एकशेतीस मिलिमीटरचा. काकांच्या फ्रेममध्ये जागा एकशेसव्वीस. लोक सरळ फ्रेम फाकवतात आणि चार मिलिमीटरची जागा करतात. पण काकांचा जोड मी फाकवू? हात धजावलाच नाही. तीन आठवडे ओळखीपाळखीच्या दुकानांतून धूळ खात हिंडले, तेव्हा कुठे एक जुना, न वापरलेला एकशेसव्वीसचा हब हाती लागला. त्यात छत्तीस स्पोक ओवले आणि दोन दिवस बसून चाकाचा आउट काढला, म्हणजे डुलणं घालवलं. टायर अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचा घालून पाहिला तर ब्रेकला घासायला लागला, म्हणून पंचवीसचा घातला. ते चाक फिरवून मी स्वतःच बघत बसले होते. कुणी बघत नाही असं पाहून शाबासकीही देऊन टाकली.

चढाईला तीन दिवस उरले असताना गिअर तपासला, तर चेन मोठ्या चक्रावर चढेना. चोवीसवरच थांबायची. गिअरच्या हाताला एक बारीक स्क्रू असतो. तो जितका आत, तितकी चेनची धाव कमी. माझ्याकडूनच जास्त आवळला गेला असेल म्हणून सैल केला, स्वतःला चार शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी एकदा चूक करते, हे मान्य आहे. तीच चूक दोनदा, तीही त्याच स्क्रूवर? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पा आत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

"अप्पा, स्क्रू तुम्ही आवळलात?"

"आवळला." पेपर खाली आला नाही. "ते चक्र हाताशी असलं की हात जाणार. मास्तर मागे असणार, तो बघणार. आख्ख्या क्लबला सांगत सुटेल."

मास्तर म्हणजे अप्पांचे जुने प्रतिस्पर्धी, शाळेतून निवृत्त झालेले, जिभेनं अजून नाहीत.

"तुम्ही दुकानात असताना," मी विचारलं, "तुम्ही नीट करून दिलेल्या सायकलला गिऱ्हाइकानं घरी जाऊन पेचकस लावला तर काय करायचात?"

"हाकलून द्यायचो. पुन्हा पायरी चढू नको म्हणायचो."

"मग?"

पेपर खाली आला.

"परवा तुम्ही त्या वळणावर उतरलात, तर लोक म्हणतील गुडघा गेला," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "पण मला कळेल की माझं काम मोडलं. तुम्ही मोडलंत. तुमची इभ्रत आहे तशी माझीपण आहे."

मी पेचकस त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि निघून गेले. स्क्रूला हात लावला नाही. ज्यानं आवळला त्यानंच सोडवावा.

चढाईच्या सकाळी मी त्या वळणावर जाऊन उभी राहिले. सोडवला की नाही, मला ठाऊक नव्हतं. मीही त्यांचीच मुलगी, कशाला विचारतेय! आधी तरुण पोरं गेली. मग बऱ्याच वेळानं अप्पा दिसले, आणि त्यांच्या मागे दहा हातांवर मास्तर. चेन चोवीसवर होती. पायडल जड पडत होतं, खांदे हलत होते, तोंड लालबुंद. वळण तोंडावर आलं आणि अप्पांचा हात खाली गेला, गिअरच्या दांडीकडे.

चेन खट्कन वर चढली. अठ्ठावीसवर.

पाय गरगर फिरायला लागले. अप्पा माझ्यासमोरून गेले ते बसल्या जागी, मान ताठ. मास्तर मागे उतरून सायकल ढकलत होते.

मी धापा टाकत टाकीपाशी पोचले तेव्हा अप्पांभोवती घोळका होता. माझ्या पाठोपाठ मास्तरही सायकल ढकलत आले आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवायला लागले. "हे केवढं चक्र रे! लाज नाही वाटत?"

अप्पांनी सायकलची मागची बाजू उचलली, चाकाला टपली मारली. ते फिरत राहिलं, केसभरही डुललं नाही. सगळे बघत राहिले.

"फ्रेम भावाची," अप्पा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चाकं आणि गिअर लेकीचे. मी नुसता वर बसलो होतो."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी चाकाला आणखी एक टपली मारली.